सायरबाईंचा अभिग्रह

मुगाच्या पाण्याची चांदीची वाटी सायरबाईंनी दोन बोटांनी हळूच मागे सारली, ते आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. नातू रोनक मोबाइलवर शूटिंग करत होता, अमळनेरहून आलेली लेक कंचन तपाचं गाणं म्हणत होती, आणि धुळ्याचा धाकटा मुलगा पारस हातात चमचा धरून आईपुढे वाकला होता. पहिला चमचा पाजण्याचा मान त्याचा होता. कालच्या बोलीत त्याने महिनाभर एकासणं करण्याचं कबूल केलं होतं. या घरात तपस्व्याच्या मानासाठी बोली लागते ती पैशाची नाही, व्रताची. आणि दिवसातून एकदाच जेवायचं, तेही महिनाभर, याच्या पुढे काल कुणी गेलं नव्हतं.

पारसने चमचा पुन्हा पुढे केला. सायरबाईंनी ओठ मिटले.

"बाई, घ्या ना. वेळ होऊन गेली."

"गेली असेल."

"मग?"

"माझा अभिग्रह आहे."

गाणं थांबलं. रोनकने मोबाइल खाली केला. दारात चेलना टॉवेल घेऊन उभी होती. या घरात सून म्हणून येऊन तिला पंचवीस वर्षं झाली होती आणि हा शब्द तिने आजवर फक्त व्याख्यानात ऐकला होता. एखादी गोष्ट मनाशी धरायची, कुणाला सांगायची नाही, आणि ती घडेल तेव्हाच तोंडात घास घ्यायचा. घडली तर अभिग्रह फळला. नाही घडली तर उपास पुढे चालू. हे साधूंनी करावं. पर्युषणाचे आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढलेल्या, शहात्तर वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केलेल्या बाईने करायचं हे काम नव्हतं. डॉक्टर काल संध्याकाळी बजावून गेले होते, उद्या पारणं झालंच पाहिजे, मी यापुढे जबाबदारी घेणार नाही.

"काय अभिग्रह आहे?" पारसने विचारलं.

"सांगायचा असता तर सांगितला नसता?"

"अहो बाई, पण आम्हाला कळणार कसं?"

"नाही कळलं तर नाही कळलं."

आणि सूर्य मावळल्यावर त्या काही घेणार नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे जे काही करायचं ते आज दिवस आहे तोवर.

शेजारच्या बायका एकेक करून निघून गेल्या. जाताना त्या चेलनाकडे अशा बघत होत्या, की जणू मूळ कारण तिथेच उभं आहे. कंचनने तर तिला कोपऱ्यात ओढलंच.

"भाभी, खरं सांगा. बाईंना काही बोललात का?"

"मी?"

"घरात तुम्हीच असता. आम्ही पाहुणे."

काल संवत्सरी झाली होती. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं त्याची क्षमा मागण्याचा तो दिवस. सगळ्यांनी सगळ्यांना हात जोडून खमावलं होतं, नेमकं काय दुखावलं ते मात्र कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. ते आज बाहेर पडायला लागलं.

सुरुवात पारसने केली. तो आईच्या पाटासमोर मांडी घालून बसला.

"समजलं मला. दिवाळीचं ना? बापूजींच्या तेराव्याला भाऊशी भांडलो, तेव्हापासून मी या घरात जेवलो नाही. या दिवाळीला धुळ्याचं दुकान बंद करून आम्ही सगळे इथं येतो. भाऊच्या ताटात जेवतो. झालं?"

सायरबाईंचा चेहरा उजळला. "ये. जरूर ये. पण हे नाही."

पारसचं तोंड उतरलं. एवढी मोठी गोष्ट देऊन टाकली आणि ती मोजलीच गेली नाही.

मग कंचन पुढे झाली. माहेर स्थानकवासी, मूर्तिपूजा न मानणारं; सासर मंदिरमार्गी. लग्नापासून ती देरासरात जाऊन पूजा करते, फुलं वाहते, आणि माहेरी आली की त्याचा उच्चार करत नाही. "बाई, मी फुलं वाहणं सोडते."

"तुझ्या सासरी जी रीत आहे ती पाळ. हे नाही."

विधी, चेलनाची एकोणीस वर्षांची लेक, म्हणाली, "दादी, मी बंगळुरूला शिकायला नाही जात."

"जा की. तुला कुणी अडवलं?"

पारसच्या मुलाचे, रोनकचे कान लाल झाले होते. तो पुण्यात जाहिरातींचे व्हिडिओ बनवण्याच्या कामाला होता. "दादी, पुण्यात एकदाच... मित्रांबरोबर... नुसतं ऑम्लेट होतं."

पारसच्या हातातला चमचा फरशीवर वाजला. "काय होतं?"

सायरबाईंनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. "हेही नाही," त्या म्हणाल्या. "पण सांगितलंस ते बरं केलंस."

आता सगळ्यांच्या नजरा चेलनाकडे वळल्या. तिने टॉवेल खुर्चीवर टाकला आणि ती पाटासमोर जाऊन बसली. लपवून काय करायचं? "जूनमध्ये मी तुम्हाला म्हटलं होतं, तुमच्या तपाचा घराला धाक दाखवू नका म्हणून. त्याबद्दल मी..."

"खरंच होतं ते," सायरबाई म्हणाल्या. "थोडा दाखवतेच मी. हे नाही."

कंचनने तोंड फिरवलं. चेलनाला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं. पंचवीस वर्षांत सासूने तिची बाजू चारचौघांत घेतली ती ही पहिली वेळ, आणि तीही उपाशीपोटी.

एकटा महावीर, तिचा नवरा, घरातला थोरला, दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसला होता. त्याने काहीच कबूल केलं नाही, काहीच देऊ केलं नाही. डाळमिलमधून आल्यासारखा हातावर हात ठेवून तो फरशीकडे बघत होता. चेलनाला त्याचा राग आला. आई मरणाच्या दारात बसली तरी हा माणूस मिलच्या बॉयलरएवढंच बोलणार.

दुपार झाली. सायरबाई लोडाला टेकल्या होत्या. बोटं माळेवर फिरत होती, पण मणी मध्येच अडकत होते. चेलना त्यांना वारा घालायला बसली आणि एकाएकी तिला काल याच वेळचं आठवलं. याच जागी टेकून सायरबाई मोबाइल नाकाशी धरून काहीतरी बघत होत्या. संपलं की पुन्हा लावत होत्या. "कुठल्या गावचं गं हे?" त्यांनी विचारलं होतं. चेलना मूग निवडत होती. तिने "असेल कुठलं तरी" म्हणून टाकलं. "दूध पीत नाहीये गं," सायरबाई म्हणाल्या होत्या. मग त्यांनी मोबाइल ठेवून डोळे मिटले होते आणि हात जोडले होते. चेलनाला वाटलं होतं, नवकार म्हणत असतील.

तिने सासूचा मोबाइल उचलला. घरच्या ग्रुपवर काल दिवसभरात क्षमेचे संदेश येऊन पडले होते. त्यांत कंचनने टाकलेला एक व्हिडिओ होता. वर लिहिलं होतं : मुक्या जीवांचीही क्षमा मागूया.

"कंचनबाई, हा तुम्हाला कुणी पाठवला?"

"संघाच्या ग्रुपवर आला. कुणीतरी कुठून तरी पुढे ढकलला असेल. का?"

चेलनाने तो मोठ्या टीव्हीवर लावायला रोनकला सांगितलं.

जेमतेम मिनिटभराचा असेल. एका जुन्या घराचा ओटा. शहाबादी फरशीची पायरी, तिचा एक कोपरा तुटलेला. पाठमोरा बसलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा. त्याच्या पुढ्यात पितळी ताटली, ताटलीत दूध आणि कुस्करलेली भाकरी. गल्लीच्या तोंडाशी एक गावठी पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. ते बघतं. मुलगा बघतो. पिल्लू येत नाही. ऊन सरकतं, लिंबाची पानं गळतात, नवी येतात. मुलाचे खांदे रुंद होतात, मानेवर सुरकुत्या पडतात, केस पांढरे होतात. ताटली तिथेच असते. पिल्लू तेवढंच, तिथेच, तसंच बघत. बस. पुढे काही नाही. ना संगीत, ना अक्षर.

चेलनाने हे काल पाहिलं असतं तर अंगठ्याने वर सरकवून टाकलं असतं. आता टीव्हीच्या भिंतीएवढ्या पडद्यावर बघताना तिला नजर काढता येईना. कुत्र्यावरून की त्या पांढऱ्या केसांवरून, तिला सांगता आलं नसतं.

"बाई," ती म्हणाली, "हे पिल्लू जेवल्याशिवाय तुम्ही जेवणार नाही. असंच ना?"

सायरबाईंनी माळ मांडीवर ठेवली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी 'नाही' म्हटलं नाही.

घर एकदम मोकळं झालं. पारस तर टाळीच वाजवून उठला. "हात्तिच्या! एवढंच? एक पिल्लू?" त्याने तिथूनच मिलवर फोन लावला आणि मुकादम धनसिंगला हुकूम सोडला, एक कान उभा एक पडलेला असं पिल्लू असेल तिथून शोधून आण. कंचन मात्र टीव्हीच्या जवळ गेली होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"हा कोपरा बघ, पारस. याच्यावर पडून माझी हनुवटी फुटली होती. हा आपला भडगावचा ओटा आहे!"

"गाडी काढा," पारस म्हणाला. "तास-दीड तासात भडगाव."

"पप्पा, थांबा." रोनकने व्हिडिओ थांबवून मोठा केला होता. तो मुलाच्या हाताकडे बघत होता, मग सावलीकडे. "दादी, तुम्हाला वाईट वाटेल. पण हे खरं नाही. हे एआयनं केलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कुणीतरी शब्दांत सांगितलं, असं असं दाखव म्हणून, आणि यंत्रानं चित्र तयार केलं. हे पिल्लू कुठंच नाही. हा मुलगा नाही. हा ओटाही नाही."

"ओटा आहे," सायरबाई शांतपणे म्हणाल्या. "मी तो रोज धुवायचे."

भडगावचं घर विकलं त्याला बेचाळीस वर्षं झाली. ते पाडून तिथे खतांचं दुकान झालं होतं. त्या ओट्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. तो ज्यांच्या डोळ्यांत उरला होता अशी माणसं मोजकीच, आणि ती सगळी या खोलीत होती. पारस तेव्हा रांगत होता. कंचनला तर अजून मोबाइलवर रिचार्ज मारता येत नव्हतं.

दाराजवळची खुर्ची वाजली.

"मी केलंय," महावीर म्हणाला.

चेलनाने मान वळवली. हा माणूस. ज्याला व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवायला विधी लागायची.

"भाऊ, तू?" पारस हसायलाच लागला, पण कुणी साथ दिली नाही म्हणून थांबला.

"काका, कसं केलंत?" रोनकचा आवाज बदलला होता. "माझ्याकडून कंपनीच्या जाहिरातीत एक माणूस दोन शॉटमध्ये सारखा दिसत नाही. तुमचं पिल्लू पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच आहे."

महावीरला बोलायची सवय नव्हती. तो तुटक तुटक सांगत गेला. मिलमध्ये दुपारी माल चढवायला वेळ असतो. केबिनमध्ये बसून करायचा. विधीला एकदा तिच्या कॉलेजचं काहीतरी यंत्राकडून करून घेताना बघितलं होतं, मराठीत बोललं तरी त्याला कळतं हे तिथे समजलं. पहिल्यांदा त्याने नुसतं म्हटलं, एक मुलगा पिल्लाची वाट बघतोय. तर यंत्राने गोरा पोरगा, लाकडी व्हरांडा आणि गळ्यात रिबीन बांधलेलं झुबकेदार कुत्रं काढून दिलं. मग तो सांगत राहिला. गावठी. झुबके नकोत. लाकूड नको, फरशी. फरशी चकचकीत नको. डाळीतला खडा वेचतात तसा एकेक खोटा तुकडा वेचत गेला. उन्हाळ्यात सुरू केलं होतं, ते आता कुठे मनासारखं झालं. एका अनोळखी नावाच्या चॅनेलवर टाकून दिलं. तिथून कुणी उचललं, क्षमेच्या संदेशाला कुणी जोडलं, ते त्याला माहीत नव्हतं.

"पण पिल्लू तेच कसं राहिलं?" रोनकने पुन्हा विचारलं.

"मी शब्द बदलायचो नाही. रोज तेच सांगायचो."

"काय सांगायचात?"

महावीरने डोळे मिटले. स्थानकात पाठ म्हणून दाखवतात तसा तो म्हणाला, "चार महिन्यांचं गावठी पिल्लू. रंग भाजलेल्या तुरीचा. उजवा कान उभा, डावा पडलेला. छातीवर पांढरा ठिपका, सोललेल्या उडदाएवढा. डोळे मसुराच्या सालीच्या रंगाचे. बरगड्या दिसतात, पण आजारी नाही. पुढचा डावा पाय जमिनीला पूर्ण टेकवत नाही. यायचं की नाही हे त्याचं अजून ठरलेलं नाही."

चेलना ऐकत राहिली. पंचवीस वर्षांत तिच्या कुठल्या साडीचा रंग त्याला धड आठवला नव्हता. त्याला डोळे नाहीत असंच ती समजत आली होती. आणि हा माणूस चाळीसेक वर्षं एक पिल्लू, पायाच्या लंगडीसकट, जसंच्या तसं आत घेऊन फिरत होता. तिला मत्सर वाटायला हवा होता. वाटलं ते वेगळंच. रोजच्या वापरातल्या खोलीत एक दार निघावं आणि पलीकडे आख्खं अंगण असावं, तसं काहीतरी.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. धनसिंग आला होता. त्याने डाळीच्या रिकाम्या पोत्यातून तीन पिल्लं आणून ओसरीवर सोडली. ती एकमेकांच्या अंगावरून लोळत केकाटू लागली.

"बठ्ठा लई उनू, भाऊ. यामा तुमनं कोनतं शे ते देखी ल्या." मग मागे बघून तो जरा ओशाळून म्हणाला, "पन यासनी माय मांगे मांगे ई ऱ्हायनी."

फाटकापाशी एक कुत्री धापा टाकत उभी होती.

सायरबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. "धनसिंग," त्यांचा आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "माझ्या पोटासाठी तिची लेकरं उचलून आणलीस? आधी नेऊन ठेव. जिथून उचललीस तिथंच. आणि तिला पुढं चालू दे."

धनसिंग पोतं न वापरता, तिन्ही पिल्लं छातीशी धरून परत गेला.

पारसचा धीर सुटला. "बाई, आता पुरे. तुम्हाला धर्म आम्ही शिकवायचा का? त्या पिल्लात जीवच नाही. ते अजीव आहे. टीव्हीच्या काचेइतकं अजीव. जो जीवच नाही त्याच्यासाठी अभिग्रह लागू होत नाही."

"खरं आहे त्याचं," कंचन म्हणाली. ती भावाच्या बाजूला जाऊन बसली.

सायरबाईंनी पारसकडे पाहिलं. "तू लहान असताना हत्तीच्या आकाराचं बिस्किट मी तुला का खाऊ दिलं नाही?"

"पाप लागतं म्हणून."

"बिस्किटात जीव होता?"

पारसने नकारार्थी मान हलवली.

"मैदा होता. पण तुझ्या मनात हत्ती होता. त्याचं डोकं दातांनी तोडायची मनाला सवय नको, म्हणून नाही दिलं. हिंसा मनात होते म्हणून तुला शिकवलं, तर दया काय बाहेर होते? काल मला त्या पिल्लाची दया आली. ती खोटी नव्हती. तेव्हा घेतलेला शब्दही खोटा नाही." त्यांना धाप लागली. "मी चुकले असेन. चुकीचं प्रायश्चित्त घेईन. पण सोयीचं नाही म्हणून सोडणार नाही."

चेलना बघत होती. त्या बाईच्या अंगात बसून राहण्याचं त्राण उरलं नव्हतं, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

रोनक म्हणाला, "मग पिल्लाला दूध पाजूनच दाखवू. यंत्रात. दादी, चालेल?"

"मी सांगायचं नसतं. घडेल तेव्हा बघू."

त्याने टीव्हीला लॅपटॉप जोडला. पहिलं पिल्लू आलं ते दोन्ही कान ताठ करून. दुसरं ताटलीतून आरपार गेलं. तिसऱ्याला पाच पाय होते. विधी फिसकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"हे ते नव्हे," प्रत्येक वेळी सायरबाई म्हणाल्या. उन्हं फाटकाच्या भिंतीवरून खाली उतरायला लागली होती.

रोनकने हात टेकले. "काका, हे तुम्हालाच जमेल. शब्द तुमचे आहेत."

महावीर जागचा हलला नाही.

"अहो," चेलना म्हणाली.

"मी ते कधी केलं नाही."

"का?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "ते आलं की संपलं."

चेलनाला कळलं, आणि कळलं त्याचा भार सोसेना. यंत्र काय वाटेल ते दाखवत होतं. पहिल्याच दिवशी त्याला पिल्लू मांडीवर घेता आलं असतं. त्याने घेतलं नव्हतं. वाट बघणं एवढंच त्याचं स्वतःचं होतं, आणि आईच्या जिवासाठी आता ते द्यायचं होतं. सकाळपासून प्रत्येकाने काही ना काही देऊ केलं होतं. याचं देणं सगळ्यांत मोठं आहे, हे त्या खोलीत तिच्याशिवाय कुणाला उमगलं असेल की नाही, तिला शंका होती.

तिने त्याच्यासाठी आईजवळ पाट सरकवला. तो उठला, येऊन बसला. लॅपटॉप पुढे ओढून त्याने तो पाठ पुन्हा म्हटला, भाजलेल्या तुरीपासून डाव्या पायापर्यंत. मग अडखळला. "पिल्लू धावत येतं आणि..."

"धावत नको आणू," सायरबाई म्हणाल्या.

"काय?"

"भुकेलं पिल्लू धावत येत नाही. आधी ताटलीकडं बघतच नाही ते. माणसाकडं बघतं. हा मारणार की काय, ते बघतं. मग एक पाय पुढं. मग थांबतं. मी आयुष्यभर दारात भाकरी टाकतेय, मला विचार."

महावीर आईचे शब्द जसेच्या तसे यंत्राला सांगत गेला. ती सांगायची, तो म्हणायचा. दोघांची डोकी जवळ आली होती. पारस मागे उभा राहून बघत होता. त्याने हळूच कंचनला म्हटलं, "या दोघांना एवढं बोलताना तू कधी पाहिलंयस?"

पडद्यावर बराच वेळ नुसतं चक्र फिरत राहिलं.

मग ओटा दिसला. गल्लीच्या तोंडाशी तेच पिल्लू. तोच पडलेला कान. त्याने ताटलीकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं. एक पाय पुढे. थांबलं. डावा पाय पुरता न टेकवता ते पायरीपाशी आलं, मान लांब केली, मागे घेतली, पुन्हा लांब केली. आणि मग त्याची जीभ दुधाला लागली. ताटली फरशीवर हलायला लागली, तसा मुलाचा हात पुढे आला आणि त्याने तिची कड धरून ठेवली. पिल्लाला तो हात लागला नाही. नुसती ताटली सरकू नये म्हणून.

"हात आपण सांगितलाच नव्हता," रोनक पुटपुटला. "हा यंत्रानं स्वतःहून दिला."

विधी रडत होती. दूध संपलं, पिल्लाने ताटली चाटली, चित्र थांबलं.

सायरबाईंनी हात जोडून नवकार म्हटला. मग म्हणाल्या, "आणा."

पारसने नवी वाटी भरून आणली. चमचा त्याच्या हातात होता. तो आईपुढे वाकला, मग सरळ झाला आणि चमचा त्याने थोरल्या भावापुढे धरला.

"भाऊ, तू दे."

"बोली तुझी होती."

"असू दे. बाई, माझी एकासणी मग माफ ना?"

"ती कर," सायरबाई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा सगळं घर हसलं.

महावीरने पहिला चमचा आईच्या ओठांना लावला. त्यांनी घेतला. दुसरा घेतला. चार-पाच चमचे झाल्यावर त्यांच्या गालांवर किंचित रंग आला, आणि मग त्यांनी वाटी हाताने थांबवली.

"तुला कुत्रं हवं होतं, हे मला एका यंत्रानं सांगावं?"

"मुक्या जिवाला बांधणं दोष आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. मी एकदा विचारलं होतं. भडगावला."

सायरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्रेपन्न वर्षांचा त्यांचा मुलगा, कानाजवळ पांढरा झालेला, हातात चमचा धरून बसला होता.

"बांधू नको म्हटलं होतं, बेटा," त्या म्हणाल्या. "ये म्हणू नको, असं कुठं म्हटलं होतं?"

महावीरने वाटी पारसच्या हातात दिली, उठला आणि बाहेर गेला. चेलना त्याच्या मागे गेली. तो दाराबाहेरच्या पायरीवर बसला होता, पूर्वी कधी बसला नव्हता तसा, गुडघ्यांवर हात टाकून, रस्त्याकडे तोंड करून. रस्त्यावर रिक्षा होत्या, स्कूटी होत्या, संध्याकाळची गर्दी होती. चेलनाने पदर सावरला आणि तीही पायरीवर बसली. त्याच्या अगदी शेजारी नाही. मधे एकासाठी जागा सोडून.